डोनर एग, वार आणि मायक्रोआरएनए: आईचं बाळात नेमकं काय जातं?

प्रश्न विचारणाऱ्या ताई ३९ वर्षांच्या आहेत. डोनर एग (दुसऱ्या स्त्रीचं बीज) आणि नवऱ्याचे शुक्राणू वापरून आयव्हीएफ झालं, आता २२वा आठवडा चालू आहे. त्या लिहितात: "आईचे मायक्रोआरएनए वारेतून बाळात जातात, त्यामुळे डोनर एगच्या बाळातही आईचे गुण उतरतात, असं मला उपचारांच्या वेळी सांगितलं गेलं आणि नंतर मोबाइलवरही वाचलं. हे खरं आहे का? माझं बाळात काही जातं का? आणि आता माझ्या हातात काय आहे?"

ताई, तुमच्या प्रश्नातल्या 'माझं' या शब्दावर किती भार आहे ते मला कळतं. मी स्त्रीरोगतज्ज्ञ आहे, रोज बाळंतपणं करते, आणि मधली काही वर्षं वारेच्या पेशींवर प्रयोगशाळेतही काम केलं आहे. हा प्रश्न मला ओपीडीत बहुतेक वेळा दार लोटून घेतल्यावर, हळू आवाजात विचारला जातो. म्हणून आधी सरळ उत्तर देते.

वार (प्लॅसेंटा) आणि तुमचं शरीर यांच्यात मायक्रोआरएनएची, म्हणजे जनुकांचं काम मंदावणाऱ्या इवल्या तुकड्यांची, ये-जा चालू आहे, हे पक्कं आहे. त्यामुळे बाळाचं नाक किंवा रंग तुमच्यासारखा होतो, हे खरं नाही. मायक्रोआरएनए डीएनएचं एकही अक्षर बदलत नाही. आणि तुम्हाला कुणी सांगितलं नसेल असं एक: मायक्रोआरएनएच्या ज्या निरोपांबद्दल आपल्याला सगळ्यात जास्त खात्री आहे, ते बाळाच्या बाजूकडून तुमच्याकडे येणारे आहेत. ऐकणाऱ्या तुम्ही आहात.

हे समजायला वार कोणाची, इथून सुरुवात करावी लागते. बाळ बाहेर आल्यावर साधारण पाच-दहा मिनिटांत सिस्टर म्हणतात, "वार पडली." स्टीलच्या ट्रेमध्ये ती घेतली की वजन अर्ध्या किलोच्या आसपास भरतं, रुंदी वीतभर. गर्भाशयाला चिकटलेली बाजू गडद लाल, मांसल, १५-२० खंडांत विभागलेली असते. आम्ही ती हाताने फिरवून एखादा खंड आत राहिला नाही ना, ते पाहतो. उलटी केली की बाळाकडची बाजू गुळगुळीत, निळसर-करडी, चकचकीत दिसते आणि नाळेपासून फुटलेल्या शिरा वडाच्या मुळांसारख्या कडेपर्यंत पसरलेल्या असतात. बहुतेकांना वाटतं, हा आईचा अवयव. तो आईचा नाही. तुमच्या गर्भाशयात जो ब्लास्टोसिस्ट, म्हणजे काही दिवसांचा गर्भ, सोडला, त्याच्या बाहेरच्या थरातून वार बनली आणि आतल्या पेशींच्या गोळ्यातून बाळ. ट्रान्स्फरच्या दिवशी तुम्हाला गर्भाचा ग्रेड सांगितला असेल. त्यातलं एक अक्षर त्या बाहेरच्या थराचं होतं. म्हणजे तुमच्या वारेचे निम्मे जनुक डोनरचे, निम्मे नवऱ्याचे. तुमचं त्यात आहे ते रक्त, जे तिच्या अंकुरांना, म्हणजे बोटांसारख्या फाट्यांना, चारी बाजूंनी भिजवतं, आणि गर्भाशयाचं अस्तर, ज्यात ती रुजली.

या अंकुरांचं पृष्ठफळ दिवस भरेपर्यंत १२ ते १४ चौरस मीटर होतं, म्हणजे १० बाय १३ फुटांच्या खोलीची फरशी. त्यावर सिन्सिशिओट्रोफोब्लास्ट नावाचा एक सलग थर असतो. तो पेशींच्या भिंती मोडून एकजीव झालेला असतो आणि थेट तुमच्या रक्तात बुडालेला असतो. निरोप निघतात ते मुख्यतः या थरातून, आणि तो तुमच्या रक्ताकडे तोंड करून असल्यामुळे ते आधी तुमच्याकडेच येतात.

आता मायक्रोआरएनए म्हणजे काय ते. डीएनए हे मूळ पुस्तक मानलं तर त्यातल्या एका पानाची नक्कल, म्हणजे मेसेंजर आरएनए, बाहेर जाते आणि तिच्यावरून प्रथिन बनतं. मायक्रोआरएनए हा साधारण २२ अक्षरांचा इवलासा तुकडा. तो आर्गोनॉट नावाच्या प्रथिनात बसतो, स्वतःशी जुळणारी अक्षरं असलेली नक्कल शोधून तिला चिकटतो, आणि मग त्या नकलेवरून प्रथिन कमी बनतं किंवा ती नक्कलच लवकर मोडते. गॅसची आच बारीक करावी तसं हे काम आहे. कढईत काय घातलंय ते त्याने बदलत नाही, पण किती शिजतं त्यात फरक पडतो. एकच मायक्रोआरएनए शेकडो नकलांवर असा हात ठेवू शकतो. १९९३ साली व्हिक्टर अॅम्ब्रोस आणि गॅरी रुव्हकुन यांच्या प्रयोगशाळांनी हे एका मिलिमीटरभर लांबीच्या जंतात पहिल्यांदा दाखवलं. कित्येक वर्षं ती जंताचीच खासियत समजली गेली. २०२४ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल त्या दोघांना मिळालं.

वारेचे स्वतःचे असे मायक्रोआरएनए आहेत, आणि माझ्या मते या सगळ्या विषयातला सर्वांत विलक्षण भाग हाच. माणसाच्या १९व्या गुणसूत्रावर सुमारे एक लाख अक्षरांच्या पट्ट्यात मायक्रोआरएनएचे ४६ जनुक एकापाठोपाठ बसलेले आहेत. त्या समूहाला सी-१९-एमसी म्हणतात. तो फक्त माणूस आणि माकडांच्या कुळात सापडतो. उंदरात नाही, गाईत नाही. निरोगी शरीरात तो जवळजवळ फक्त वारेतच चालू असतो. आणि २०१० साली फ्रान्समधल्या संशोधकांनी दाखवलं की वारेत तो केवळ वडिलांकडून आलेल्या प्रतीवरूनच चालतो. आईकडून आलेल्या प्रतीवर रासायनिक शिक्का असतो, ती गप्प राहते.

हे जरा थांबून वाचा. तुमच्या रक्तात या क्षणी फिरणारे सी-१९-एमसीचे निरोप तुमच्या नवऱ्याच्या गुणसूत्रावरून छापलेले आहेत. डोनरची प्रत त्यात बोलत नाही. आणि ओपीडीत तुमच्या शेजारच्या बाकावर बसलेली, स्वतःच्या एगने गरोदर राहिलेली जी बाई आहे, तिच्या रक्तातही तिच्या नवऱ्याच्या प्रतीचेच निरोप आहेत. तिची स्वतःची प्रत तिच्या वारेत तशीच गप्प आहे. या बाबतीत तुमच्यात आणि तिच्यात काडीचाही फरक नाही. हे मी तुमचं समाधान करायला सांगत नाही, पेशीत तसंच घडतं. १४व्या गुणसूत्रावर असाच दुसरा एक समूह आहे. तो उलट आईकडून आलेल्या प्रतीवरून चालतो, म्हणजे तुमच्या बाबतीत डोनरच्या. तो सुरुवातीच्या महिन्यांत जास्त असतो आणि पुढे ओसरतो, तर १९व्या गुणसूत्रावरचा दिवसांबरोबर वाढत जातो.

हे तुकडे रक्तात टिकतात कसे, असा प्रश्न पडायला हवा, कारण उघडा आरएनए रक्तात काही क्षणांत चिरडला जातो. दोन वाटा आहेत. काही तुकडे आर्गोनॉट प्रथिनाला बिलगूनच बाहेर पडतात. काही एक्झोसोम नावाच्या, ३० ते १५० नॅनोमीटरच्या स्निग्ध पिशव्यांत बसून निघतात. वारेच्या पिशव्यांवर वारेतलं अल्कलाइन फॉस्फटेज हे प्रथिन असतं, त्यावरून आईच्या रक्तात त्या ओळखता येतात, आणि आठवडे वाढतात तशा त्या वाढताना दिसतात. २००८ साली हाँगकाँगमध्ये डेनिस लो यांच्या गटाने गरोदर स्त्रियांच्या रक्तद्रवात वारेचे मायक्रोआरएनए मोजले आणि बाळंतपणानंतर दुसऱ्या दिवशी घेतलेल्या रक्तात ते कमालीचे घटलेले दिसले. वार पडली की निरोप बंद. आईच्या रक्तद्रवातून बाळाचा डीएनए सापडतो हे १९९७ मध्ये दाखवणारा गटही हाच. तुम्ही दहा-बारा आठवड्यांच्या सुमाराला एनआयपीटी (आईच्या रक्तातून बाळाच्या गुणसूत्रांची तपासणी) केली असेल, तर ती त्याच शोधावर उभी आहे.

मग तुमच्या शरीरात येऊन हे निरोप करतात काय?

एक काम रोगप्रतिकारशक्तीशी बोलण्याचं. २०१४ साली जपानी संशोधकांनी दाखवलं की वारेच्या पेशींनी सोडलेला मिर-५१७ए हा मायक्रोआरएनए टी-पेशींच्या (एका प्रकारच्या पांढऱ्या पेशींच्या) वंशातल्या पेशी आत घेतात आणि त्यांच्यातलं एक प्रथिन कमी होतं. वार ही जनुकांच्या हिशेबाने परकी आहे, आणि तुमच्या बाबतीत पूर्ण परकी, कारण नेहमीच्या गर्भधारणेत निम्मी तरी आईची असते. तरीही तुमच्या पांढऱ्या पेशी तिला हाकलत नाहीत. त्यामागे अनेक यंत्रणा आहेत, एक्झोसोम ही त्यातली एक. सगळं श्रेय मायक्रोआरएनएला देणारे लेख वाचनात आले तर सावध राहा.

दुसरं काम विषाणूंशी संबंधित. २०१३ मध्ये पिट्सबर्गच्या संशोधकांनी ट्रोफोब्लास्ट (वारेच्या) पेशी ज्या द्रवात वाढवल्या होत्या तो द्रव दुसऱ्या साध्या पेशींवर टाकला. वेगवेगळ्या कुळांतल्या विषाणूंना त्या पेशी दाद देईनाशा झाल्या. त्या द्रवातल्या एक्झोसोममधले सी-१९-एमसीचे काही मायक्रोआरएनए पेशीची स्वतःचा कचरा गिळून साफ करण्याची क्रिया वाढवतात आणि त्यात विषाणू अडकतो, असं त्यांना आढळलं. मला हा प्रयोग फार आवडतो, कारण त्यात वार फक्त बाळाचं नव्हे, तर आजूबाजूच्या पेशींचंही रक्षण करताना दिसते. पण तो ताटलीतल्या पेशींवरचा प्रयोग आहे. त्यावरून "गरोदरपणात संसर्ग होत नाही" असा अर्थ कुणी काढू नये. फ्लू आणि डेंगू गरोदर बाईला जास्त त्रास देतात, हे मी दर पावसाळ्यात पाहते.

इथे माझी एक शंकाही सांगायला हवी. २०१४ सालच्या एका मोजणीत दिसलं की एखादा ठरावीक मायक्रोआरएनए घेतला तर सरासरी एका एक्झोसोमामागे त्याचा एक रेणूसुद्धा भरत नाही. म्हणजे पिशव्या पुष्कळ, पण बहुतेकांत तो निरोप नाहीच. प्रयोगशाळेत आपण पेशींवर एक्झोसोमचा मारा करतो आणि परिणाम दिसतो. शरीरात तितकी मात्रा पोचते का, हे प्रत्येक अवयवासाठी वेगळं सिद्ध करावं लागतं. वारेच्या अगदी जवळ, गर्भाशयाच्या भिंतीत, ती पोचत असावी असं मला वाटतं, कारण तिथे पेशीला पेशी लागून असते. दूर मेंदूपर्यंत पोचते असं म्हणायला माझ्याकडे आधार नाही.

बाळाकडे काय जातं? २०१७ मध्ये पिट्सबर्गमधूनच आणखी एक काम आलं. उंदरात सी-१९-एमसी नसतो, त्यामुळे तिथे तो सापडला तर तो आपण घातलेलाच असणार, हा त्यातला चतुर मुद्दा. त्यांनी माणसाचे हे मायक्रोआरएनए उंदराच्या वारेत चालू केले आणि ते मादीच्या रक्तात तर मिळालेच, पिल्लाच्या रक्तातही मिळाले. म्हणजे वार दोन्हीकडे पत्रं टाकते. तुमच्याकडून वारेकडेही वाहतूक आहे: आईच्या मॅक्रोफेज (जंतू गिळणाऱ्या पांढऱ्या) पेशींनी सोडलेले एक्झोसोम माणसाची वार आत घेते आणि त्यावर दाहाशी संबंधित रेणू सोडते, हे २०१६ मध्ये दाखवलं गेलं. याचा अर्थ तुमच्या अंगात कुठे संसर्ग धुमसत असेल, हिरड्या सुजलेल्या असतील, लघवीत जंतू असतील, तर वारेला त्याची चाहूल लागण्याची ही एक वाट आहे.

आता तुम्ही जे वाचलंत त्याच्या उगमाकडे येते. २०१५ साली स्पेनमध्ये व्हॅलेन्सिया इथल्या गटाने एक शोध प्रसिद्ध केला. गर्भाशयाचं अस्तर गर्भ रुजण्याच्या दिवसांत मिर-३०डी नावाचा मायक्रोआरएनए स्रवतं आणि न रुजलेला गर्भ तो आत घेतो. उंदराच्या गर्भांना तो दिला तेव्हा चिकटण्याशी संबंधित काही जनुकांचं काम वाढलं आणि गर्भ जास्त चांगला चिकटला. शोध चांगला आणि काळजीपूर्वक केलेला आहे. पण बातम्यांत त्याचं "डोनर एगच्या बाळाला आईचे गुण मिळतात" असं झालं, आणि ते वाक्य आज समुपदेशनात सर्रास वापरलं जातं. मला याचा मनापासून त्रास होतो. तुमच्यासारखी बाई आधीच चार-पाच वर्षं सुया, हार्मोन आणि नातेवाइकांचे प्रश्न सोसून आलेली असते. तिला होकार द्यायला सोपं जावं म्हणून अर्धवट विज्ञान हातात ठेवणं बरोबर नाही. त्या शोधाने इतकंच दाखवलं की तुमचं अस्तर गर्भाशी पहिल्या दिवसापासून बोलतं आणि त्याच्या रुजण्यावर परिणाम करतं. हे काही कमी नाही. पण तो गर्भाचं जनुकीय पुस्तक बदलत नाही.

मग 'माझं काय जातं' याचं खरं उत्तर कुठे आहे? मायक्रोआरएनएच्या कितीतरी आधी घोड्यांवरच्या एका प्रयोगात ते दिसलं होतं. १९३८ साली इंग्लंडमध्ये वॉल्टन आणि हॅमंड यांनी अवाढव्य शायर घोडे आणि बुटके शेटलंड घोडे यांचा दोन्ही बाजूंनी संकर केला. दोन्हीकडच्या शिंगरांचा जनुकीय वारसा जवळजवळ सारखा, पण शायर घोडीच्या पोटचं शिंगरू मोठं आणि शेटलंड घोडीच्या पोटचं लहान जन्मलं. वाढीची मर्यादा गर्भाशयाने ठरवली. पुढे १९९५ साली डोनर एगच्या बाळांचा अभ्यास झाला तेव्हा जन्माचं वजन डोनरच्या वजनाशी नव्हे, तर बाळ वाढवणाऱ्या आईच्या वजनाशी जुळलेलं आढळलं. तुमचं रक्त, तुमची साखर, तुमचा रक्तदाब, तुमचं जेवण यांतून बाळाचं यकृत, स्वादुपिंड, मूत्रपिंड घडतंय. जनुक तेच, पण कोणते किती चालायचे याची सवय इथे लागते.

याचं आपल्याकडचं उदाहरण म्हणजे पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांचं काम. १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांत त्यांनी गरोदर बायकांची नोंद ठेवली आणि त्यांच्या मुलांचा पुढे वर्षानुवर्षं मागोवा घेतला. आपली बाळं युरोपातल्या बाळांपेक्षा वजनाला बरीच कमी, पण अंगावरची चरबी मात्र टिकून असलेली, हे त्यांनी मोजून दाखवलं. त्याच गावांतल्या अभ्यासात ज्या आयांच्या ताटात हिरव्या पालेभाज्या, फळं आणि दूध जास्त वेळा होतं, त्यांची बाळं मोठी भरली. म्हणून माझ्या ओपीडीत मी महागड्या पावडरींऐवजी मेथी, शेपू, चवळई, राजगिरा विचारते. माझा अंदाज असा की वारेचे निरोपही या पोषणाप्रमाणे बदलत असणार, पण तो सिद्ध होईपर्यंत पालेभाजी थांबवायचं कारण नाही.

एक गोष्ट इथेच सांगून टाकते, कारण ती मायक्रोआरएनएपेक्षा जास्त काळ टिकते. गरोदरपणात थोड्या अख्ख्या पेशीसुद्धा वार ओलांडतात, दोन्ही दिशांनी. १९९६ साली डायना बियांकी यांच्या गटाला मुलग्याच्या पेशी आईच्या रक्तात त्याच्या जन्मानंतर २७ वर्षांनी सापडल्या. आईच्या पेशीही मुलांमध्ये मोठेपणापर्यंत मिळतात. डोनर एगच्या गर्भधारणेतही बाळाच्या पेशी आईत आढळल्या आहेत. त्या पेशी काय करतात यावर वाद आहे, त्यांच्या असण्यावर नाही.

आता आजाराची बाजू, आणि इथे तुम्ही नीट लक्ष द्यावं अशी माझी विनंती आहे. डोनर एगच्या गर्भधारणेत प्रीएक्लॅम्प्सियाचा, म्हणजे गरोदरपणातल्या वाढत्या रक्तदाबाच्या आजाराचा, धोका स्वतःच्या एगने केलेल्या आयव्हीएफच्या तुलनेत दुप्पट ते तिप्पट असतो. कारण बहुधा तेच, वर सांगितलेलं परकेपण. वारेच्या पेशींनी गर्भाशयाच्या रक्तवाहिन्यांत खोल शिरून त्या रुंद करायच्या असतात. हा शिरकाव अर्धवट राहिला की वारेला ऑक्सिजन कमी पडतो, आणि घुसमटलेली वार वेगळे निरोप धाडायला लागते. ऑक्सिजन कमी झाला की मिर-२१० वाढतो. २००७ पासून प्रीएक्लॅम्प्सियाच्या वारांमध्ये तो वारंवार वाढलेला सापडला आहे, आणि पेशीतल्या ऊर्जा बनवणाऱ्या मायटोकॉन्ड्रियांचं काम तो मंदावतो. मिर-१५५ घेऊन जाणारे एक्झोसोम रक्तवाहिन्यांच्या अस्तरातलं नायट्रिक ऑक्साइड बनवणारं प्रथिन कमी करतात, असंही प्रयोगात दिसलं. नायट्रिक ऑक्साइड कमी म्हणजे वाहिन्या आखडलेल्या. निरोप वारेकडून निघतो आणि बाईचं डोकं दुखायला लागतं, इतकं हे थेट आहे.

साखरेचंही तसंच. गरोदरपणातल्या मधुमेहात रक्तातल्या एक्झोसोममधला मायक्रोआरएनएचा मजकूर बदलतो. असे एक्झोसोम गरोदर नसलेल्या मादी उंदरांना टोचले तेव्हा त्यांची साखर हाताळण्याची ताकद बिघडली. दिवस जातात तसं प्रत्येकच आईचं शरीर इन्सुलिनला थोडं कमी दाद देतं, म्हणजे बाळासाठी साखर रक्तात जास्त वेळ राहते. पूर्वी आम्ही हे सगळं वारेच्या हार्मोनवर टाकायचो. आता त्यात एक्झोसोमचाही हात दिसतो आहे.

तुम्ही विचारण्याआधीच सांगते: मायक्रोआरएनएची तपासणी करून घेऊ नका. आज रोजच्या उपचारात वापरावी अशी खात्रीची तपासणी नाही. कारण मी स्वतः अनुभवलं आहे. आम्ही एकदा एका मायक्रोआरएनएमध्ये मोठी वाढ पाहून आनंदलो होतो. मग सेंट्रिफ्यूजमधून काढलेल्या नळ्या उजेडासमोर धरल्या. काहींतला द्रव पिवळसर असायला हवा तिथे गुलाबी दिसत होता. रक्त काढताना लाल पेशी फुटल्या होत्या, आणि लाल पेशी मिर-४५१ आणि मिर-१६ने ठासून भरलेल्या असतात. आम्ही ज्याला आजाराची खूण समजत होतो ती घाईने ओढलेल्या सिरिंजची खूण होती. हेपॅरिनच्या (रक्त गोठू न देणाऱ्या औषधाच्या) नळीत रक्त घेतलं तर पीसीआर, म्हणजे मोजायची पद्धतच, अडते, ते वेगळंच. सहा महिन्यांचे नमुने बाजूला ठेवावे लागले. वेगवेगळ्या देशांतले निष्कर्ष एकमेकांशी जुळत नाहीत, त्यामागे अशी कारणं बरीच आहेत.

उपयोगी आहेत त्या साध्या तपासण्या. घरी रक्तदाबाचं यंत्र घ्या, दंडाला बांधायचं, मनगटाचं नको. आठवड्यातून दोनदा, पाच मिनिटं टेकून बसून, मग मोजा आणि वहीत लिहा. १४०/९० किंवा त्याच्या वर गेला तर पुढच्या व्हिजिटची वाट पाहू नका. डोकं ठणकणं, डोळ्यांपुढे काजवे, उजव्या बरगडीखाली दुखणं, एका-दोन दिवसांत चेहऱ्यावर सूज, बाळाची हालचाल मंदावणं, यांतलं काहीही झालं तर रात्री दोन वाजताही निघा. अॅस्पिरिनची छोटी गोळी तुम्हाला सुरू केलेली असेलच. २०१७ च्या मोठ्या चाचणीत ती ११ ते १४ आठवड्यांदरम्यान सुरू करून रोज रात्री १५० मिलिग्रॅम दिली होती आणि दिवस भरण्याआधी होणारा प्रीएक्लॅम्प्सिया बराच कमी झाला. सुरू नसेल तर स्वतःच्या मनाने घेऊ नका, पण डॉक्टरांना आजच विचारा. डोनर एग आहे हे त्यांना माहीत असायलाच हवं. घरी कुणाला सांगायचं हा तुमचा प्रश्न आहे. बाळंतपण करणाऱ्या डॉक्टरांपासून लपवू नका. कित्येक जणी बाळंतपणासाठी माहेरच्या गावी जातात आणि तिथल्या डॉक्टरांना हे सांगत नाहीत. मग ती बाई साध्या यादीत जाते आणि तिचा रक्तदाब कुणी जास्त काळजीने पाहत नाही.

२४ ते २८ आठवड्यांत ७५ ग्रॅम ग्लुकोज पिऊन दोन तासांनी साखर पाहायची. १४० किंवा जास्त आली तर उपचार सुरू होतात. उपाशी यायची गरज नाही. रक्तदाबाबद्दल शंका आली तर वारेतूनच निघणाऱ्या दोन प्रथिनांचं गुणोत्तर मोजता येतं, एसएफएलटी-१ आणि पीएलजीएफ. ते ३८ किंवा खाली असेल तर पुढच्या आठवड्यात प्रीएक्लॅम्प्सिया होण्याची शक्यता फार कमी. ही तपासणी मोठ्या शहरांत मिळते. वारेचा निरोप वाचायचाच असेल तर आज भरवशाने वाचता येतो तो हा.

गर्भसंस्काराबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण बहुतेकींच्या मनात असतं. मायक्रोआरएनएने गर्भसंस्कार सिद्ध झाले, असं म्हणणाऱ्या व्हिडिओंना कसलाही आधार नाही. मात्र एक गोष्ट मी खात्रीने सांगते. साधारण २५व्या आठवड्याच्या सुमाराला बाळाला आवाज ऐकू यायला लागतात, आणि त्यातला सगळ्यात जवळचा आवाज तुमचा, कारण तो हवेतूनही जातो आणि तुमच्या हाडांतूनही. १९८० मध्ये अमेरिकेत डीकॅस्पर आणि फायफर यांनी जन्मून तीन दिवसही न झालेल्या बाळांच्या तोंडात चोखणी दिली. चोखण्याच्या लयीप्रमाणे आईचा किंवा दुसऱ्या बाईचा आवाज लागायचा. बाळांनी लय बदलून आईचा आवाज लावून घेतला. तुमच्या बाळाला ओळखीचा असणारा आवाज तुमचा आहे. डोनरचा आवाज त्याने ऐकलेलाच नाही. दुपारी कपडे वाळत घालताना तुम्ही जे गुणगुणता, ते पुढच्या तीन-चार आठवड्यांत त्याच्यापर्यंत पोचायला लागेल.

आणि प्रसूतीच्या वेळी वार पाहायची असेल तर आधीच सांगून ठेवा, घाईत ती लगेच बाजूला जाते. मी पुष्कळ आयांना दाखवते. हातमोजा घालून बोट लावू देते, नाळ कुठून निघते ते दाखवते. सिझेरियन झालं तरी पडद्याच्या वरून ट्रे धरता येतो.